‘सवय होते’ म्हणण्याआधी

‘हातावर पोट असणे’ हा वाक्प्रचार आपण इतक्या सहजपणे वापरतो की, त्यातील हाताकडे आपले लक्षच जात नाही. पोटाची विचारपूस आपण करतो. ते भरले की नाही हे पाहतो, सणासुदीला धान्याची पिशवीही पोहोचती करतो. परंतु ज्या हातावर ते पोट टेकले आहे तो हात कसा आहे, हे विचारण्याची रीत आपल्याकडे नाही. फार तर त्या हाताचे आपण कौतुक करतो. राबणारे हात, घट्टे पडलेले हात, मातीने माखलेले हात! सभांतून, शाळांच्या स्नेहसंमेलनांतून, मे महिन्याच्या पहिल्या तारखेच्या भाषणांतून ह्या हातांचा गौरव आम्हीही अनेकदा केला आहे. आज त्या गौरवाविषयीच आमच्या मनात शंका उत्पन्न झाली आहे, आणि ती वाचकांपुढे ठेवावी म्हणून हा लेखप्रपंच.

काही वर्षांपूर्वी जालन्यातील आमच्या राहत्या घराच्या मागील अंगास एक खोली वाढविण्याचे काम काढले होते. गवंडी पन्नाशीचे, परतूरकडचे. गल्लीतील सारे त्यांना मामा म्हणत, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. मामांचा हात असा बसलेला की, ओळंबा सोडण्यापूर्वीच भिंतीचा कल ते नुसता तळवा फिरवून सांगत. एके दिवशी चहा देताना आमच्या लक्षात आले की, मामा पेला बोटांनी न धरता दोन्ही तळव्यांच्या मध्ये दाबून धरतात. बोटांच्या सांध्यांवर भेगा होत्या आणि काही भेगांतून रक्त दिसत होते. आम्ही विचारले, तेव्हा ते हसून म्हणाले, “काही नाही सर, सिमेंट हात खातंच. सवय होते.” आम्ही घरातून खोबरेल तेलाची बाटली आणून दिली, कष्टाच्या हाताविषयी दोन गोड शब्द बोललो आणि आत निघून गेलो. खोली वेळेवर पूर्ण झाली.

पुढे दोन वर्षांनी धर्मग्रामातील एका लग्नात मामा भेटले. मनगटापासून कोपरापर्यंतची कातडी जाड, काळपट झाली होती. ठिकठिकाणी लस येत होती. काम सुटले होते. “तीस वर्षं सिमेंट कालवलं, तेव्हा काही झालं नाही. आता नुसतं पोत्याजवळ गेलो तरी हात पेटतात. सवय व्हायची तर होती तीच मोडली, सर,” असे ते म्हणाले. त्यांनी पाण्याच्या पिंपावरचा पेला उचलला, तेव्हा शेजारी उभा असलेला एक गृहस्थ किंचित मागे सरकला. मामांनी ते पाहिले. आम्हीही पाहिले. ज्या समाजातील अनेकांच्या आजोबांना एकेकाळी पाणवठ्यावर हात लावू दिला जात नव्हता, त्या समाजाच्या लग्नमंडपात हे घडावे! इसब हा संसर्गाने पसरणारा रोग नव्हे, हे त्या गृहस्थास सांगण्याचे धैर्यही त्या क्षणी आम्हांला झाले नाही.

त्यानंतर आम्ही ह्या विषयाची थोडी माहिती मिळविली. जे समजले त्यामुळे ‘सवय होते’ ह्या दोन शब्दांवरील आमचा विश्वास पार उडाला. घट्टा ही खरोखरच सवय आहे. कुदळीचा दांडा, विळ्याची मूठ ह्यांच्या घर्षणापुढे त्वचा हळूहळू जाड होते. ती तिने उभारलेली तटबंदी असते, आणि काम थांबले की काही काळाने ती आपोआप मावळते. परंतु ओल्या सिमेंटपुढे अशी तटबंदी टिकत नाही. आपल्या त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, तर कालवलेले सिमेंट अतिशय क्षारयुक्त असते. त्याचा पीएच १२ च्याही वर जातो. त्वचेला बांधून ठेवणारी तिची स्वतःची स्निग्धता हा क्षार काढून घेतो. मग भेगा पडतात. ह्यात कोणाचा हात नाजूक आणि कोणाचा राकट असा प्रश्न नाही. पुरेसा वेळ मिळाला तर तो कोणाचाही हात खाईल.

ह्याहून विलक्षण आहे ते तिसरेच. सिमेंटमध्ये क्रोमियम ह्या धातूचे अत्यल्प अंश असतात, आणि त्यांपैकी पाण्यात विरघळणारे सहा-संयुजी क्रोमियम भेगांतून आत शिरते. शरीराची संरक्षणव्यवस्था त्याला शत्रू म्हणून ओळखायला शिकते. हे शिकणे कोणाच्या बाबतीत काही महिन्यांत होते, कोणाच्या बाबतीत वीस-तीस वर्षांनी, कोणाच्या बाबतीत कधीच नाही. परंतु एकदा शिकलेले ते सहसा आयुष्यभर विसरत नाही. मग अगदी थोडासा स्पर्शही पुरतो. म्हणजे आपण ज्याला सवय समजत होतो, ती त्वचेची स्मरणशक्ती होती. प्रत्येक दिवसाची नोंद कोठेतरी होत होती. आणि ह्यातील अन्याय पाहा. हा आजार कामचुकारास होत नाही. ज्याने अधिक वर्षे निष्ठेने काम केले, ज्याचा हात अधिक तयार झाला, त्यालाच तो गाठण्याचा संभव अधिक.

मामांचे निदान लवकर झाले नाही. औषधांच्या दुकानातून प्रथम नायट्याचे मलम आणले गेले. त्यात तीव्र स्टिरॉइड असल्याने आठ दिवस बरे वाटे, आणि थांबविले की आग दुपटीने उठे. अखेर त्वचारोगतज्ज्ञाने पाठीवर पट्ट्या चिकटवून तपासणी करण्यास सांगितले. पट्ट्या लावण्यास एक दिवस, दोन दिवसांनी त्या काढण्यास दुसरा, पुन्हा पाहण्यासाठी तिसरा. अशा तीन खेपा त्यांना जालन्याहून सुमारे ६० किलोमीटरवरच्या त्या वेळच्या औरंगाबादला कराव्या लागल्या. ज्याचे पोट हातावर आहे, त्याचे ते तीन दिवसांचे पोट. आणि शेवटी चिठ्ठीवर जो सल्ला आला तो दोन शब्दांचा होता : सिमेंट टाळा.

‘टाळा’ ह्या शब्दापाशी आम्ही बराच काळ थांबलो. वैद्याच्या दृष्टीने तो अगदी योग्य शब्द आहे; दुसरा उपाय तितका खात्रीचा नाही. परंतु ज्याला आंबट वर्ज्य सांगितले आहे त्याचे ‘टाळा’ आणि ज्याला त्याची विद्या वर्ज्य सांगितली आहे त्याचे ‘टाळा’ ह्यांत किती अंतर आहे! मामांचे सारे ज्ञान त्यांच्या तळव्यात होते. ते कोठे कागदावर लिहिलेले नव्हते. तळवा गेला तेव्हा ते ज्ञानही गेले.

एकदा नजर वळली की मग सर्वत्र हेच दिसू लागते. ‘जालना सोने का पालना’ असे आपल्याकडे म्हणतात. तो पाळणा झुलविणारे हात पाहू गेल्यास कपाशीपासूनच आरंभ करावा लागेल. पावसाळ्याच्या तोंडावर सरी-सरीतून बायका सरकी टोबतात, तेव्हा त्या बियाण्याला दिलेला रंग त्यांच्या बोटांना लागतो. तो नुसता रंग नसतो, त्याखाली औषध असते. दिवाळीच्या आगेमागे वेचणी सुरू होते. उमललेले बोंड दुरून कितीही मऊ दिसो, त्याच्या वाळलेल्या पाकळ्यांची टोके सुईसारखी असतात आणि ती नेमकी नखाच्या कडेला लागतात. मजुरी किलोवर, त्यामुळे हात सांभाळून वेचणे म्हणजे मजुरी कमी करून घेणे. बीजोत्पादनाच्या प्लॉटवर तर कपाशीच्या फुलातील पुंकेसर अंगठ्याच्या नखाने खरवडून काढावे लागतात. संध्याकाळी ते काम आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परागीकरण. हजारो फुले, आणि अवजार म्हणजे स्वतःचे नख. भोकरदन तालुक्यात पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात हिरव्या मिरचीचे ढीग लागतात, ते तोडणाऱ्या बाईचे हात रात्रभर आग करतात. मिरचीतील तिखट द्रव्य पाण्यात फारसे विरघळत नाही, तेलात विरघळते; म्हणून नुसते पाण्याने हात धुऊन उपयोग होत नाही, आधी गोडेतेल चोळून मग साबण लावावा लागतो. ही साधी गोष्ट अनेक जणी अनुभवाने जाणतात, पण नव्याने कामाला लागलेल्या मुलीला ती कोण सांगतो? ती त्याच हाताने तान्ह्याचे डोळे पुसते.

गाजर गवताची कथा आणखी निराळी. १९५० च्या दशकाच्या मध्यास ते पुण्यात प्रथम लक्षात आले. परदेशातून आलेल्या गव्हाबरोबर ते आले असे सर्वसाधारणपणे मानतात, आणि आज मराठवाड्यात त्याच्यावाचून बांध सापडणे कठीण. त्याच्या वाळलेल्या कणांची धूळ वाऱ्याबरोबर उडते, म्हणून हा इसब हातापुरता राहत नाही. पापण्या, मान, कानामागचा भाग, कोपराची घडी अशा उघड्या जागी तो पसरतो. ह्या आजाराच्या रुग्णांविषयी वैद्यकीय नियतकालिकांत १९७० च्या दशकातच लिहिले गेले आहे. येथे तर ‘टाळा’ म्हणजे स्वतःचे शेत टाळा, गाव टाळा, वारा टाळा. आणि दोष द्यावा तो कोणाला? गवताला मालक नाही.

परंतु शेतापर्यंत तरी कशाला जायचे? आमच्याच घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईंच्या उजव्या हाताची बोटे आम्ही त्यानंतर पहिल्यांदा नीट पाहिली. पाच घरची भांडी, पाच घरची धुण्याची पावडर, दिवसाचे कितीतरी तास पाण्यात. बोटांच्या बेचक्यांतून कातडी सोललेली होती. अंगठीखाली साबण साचून राहतो, आणि पुष्कळदा हा आजार अंगठीखालूनच सुरू होतो, असे आम्ही वाचले होते. त्यांना विचारले, तर त्या म्हणाल्या, “अंगठी तर मी केव्हाच काढून ठेवली, बाबा. बोट सुजून तिच्यात अडकायला लागलं होतं.” सात वर्षे त्या आमच्या घरी येत होत्या. त्यांचे बोट मोकळे झालेले आम्हांला दिसले नव्हते.

इटलीतील मोदेना शहरी बेर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचे एक वैद्य होऊन गेले. त्यांच्या स्वतःच्या घरचा शौचकूप उपसण्याचे काम चालू असताना एक कामगार फार घाईने काम करतो आहे, असे त्यांना दिसले. इतकी घाई का, असे त्यांनी विचारले, तेव्हा येथे चार तासांहून अधिक राहणे म्हणजे डोळे गमावणे होय, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले. रामाझ्झिनींनी पुढे जे केले ते आम्ही केले नाही. ते शहरभर फिरले, कुंभार, गवंडी, परटिणी, भटारी ह्यांच्या कामाच्या जागी जाऊन बसले आणि १७०० साली कामगारांच्या रोगांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. धुणे धुणाऱ्या स्त्रियांच्या फाटलेल्या हातांनाही त्यात जागा मिळाली. रोग्याला काय होते, केव्हापासून होते, हे प्रश्न वैद्य पूर्वीपासून विचारीत आले होते. त्यांत आणखी एक प्रश्न घालावा, असे रामाझ्झिनींनी सांगितले : तू काम कोणते करतोस? ह्या प्रश्नास तीनशे वर्षे उलटून गेली. आमच्या अनुभवात मामांना तो विचारला गेला तो चौथ्या दवाखान्यात.

येथे कोणी म्हणेल, आणि आमच्याच मित्रमंडळीत एकाने म्हटलेही, की ह्यात नैतिक प्रश्न तो कोणता? कोणी कोणाला मारले नाही. मजुरी ठरली ती दिली. गवंड्याने आपल्या इच्छेने काम घेतले. शिवाय भेगांनी कोणी मरत नाही. जगात ह्याहून मोठी दुःखे पडली आहेत. हे म्हणणे आम्ही हसण्यावारी नेऊ इच्छीत नाही, कारण ते पुष्कळसे खरे आहे. मामांच्या हातांचे जे झाले त्याला आमची खोली कारण आहे काय? आमच्या खोलीचे काम पंचवीस दिवसांचे. त्यांच्या आयुष्यात असे शेकडो मालक येऊन गेले असतील. कोणत्याही एका दिवसाने त्यांचा हात गेला नाही, कोणत्याही एका मालकाने तो घेतला नाही. अपराधाचे इतके बारीक तुकडे झाले की, प्रत्येकाच्या वाट्यास आलेला तुकडा दिसेनासा झाला. न्यायालयात अशा तुकड्याची दाद लागणार नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या परिशिष्टात क्रोमियममुळे होणारे व्रण आणि रसायनांच्या स्पर्शाने होणारा त्वचादाह ही दुखणी सरकारला कळविण्याच्या रोगांत नोंदलेली होती. परंतु त्यासाठी कारखाना हवा. आमचे अंगण कारखाना नव्हते.

तथापि, दोष वाटला गेल्याने तो नाहीसा होतो असे आम्हांस वाटत नाही. पंचवीस दिवस का होईना, त्या हातांना स्वच्छ पाण्याची एक वेगळी बादली देणे आमच्या अधिकारात होते. अवजारे ज्या पाण्यात विसळली जात, त्याच पाण्यात ते हात धूत. म्हणजे धुणे हाही सिमेंटचाच स्पर्श होता. इच्छेविषयी म्हणाल, तर ‘सवय होते’ असे म्हणणारा मनुष्य संमती देत नसतो. दुसरा मार्ग नाही हे तो सभ्यपणे सांगत असतो, आणि ऐकणाऱ्याला अवघड वाटू नये याचीही काळजी घेत असतो. आम्ही त्याची ती सभ्यता त्याची संमती म्हणून स्वीकारली.

हे सर्व अटळ होते काय? ह्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला एका अगदी क्षुल्लक वस्तूत सापडले. हिराकस! रंगारी आणि शाई करणारे वापरीत तोच हिराकस, म्हणजे लोहाचा एक क्षार. तो सिमेंटमध्ये थोड्या प्रमाणात मिसळला, तर त्यातील उपद्रवी क्रोमियमचे रूप पालटते आणि ते त्वचेत सहजी शिरत नाही. डेन्मार्कने १९८० च्या दशकाच्या आरंभी हे सुरू केले, शेजारच्या देशांनी अनुकरण केले, आणि तेथील बांधकाम मजुरांत क्रोमियमचा इसब कमी झाल्याचे आढळून आले. २००५ पासून युरोपीय संघाने असा नियमच केला की, सिमेंटमधील विद्राव्य सहा-संयुजी क्रोमियम दशलक्ष भागांत दोन भागांपेक्षा अधिक असता कामा नये. क्षाराने होणारे पोळणे त्याने थांबत नाही, हे खरे. पण तीस वर्षांनी एका कारागिराचा हात त्याच्यापासून हिरावून घेणारी गोष्ट ही सिमेंटची नियती नव्हती, हे तर सिद्ध झाले. ज्याला आपण कष्टाचे प्राक्तन म्हणून नमस्कार करीत होतो, ते एका हिरव्या खड्याने टळण्यासारखे होते.

जालना जिल्हा १९८१ साली १ मे रोजी अस्तित्वात आला. कामगारांचा तो दिवस, आणि १९५५ पासून कामकरी संत योसेफाच्या सणाचाही. त्याच वर्षीच्या सप्टेंबर महिन्यात पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी मानवी श्रमावरील ‘लाबोरेम एक्सेर्चेन्स’ हे परिपत्रक प्रसृत केले. युद्धकाळात ते स्वतः क्राकूव्हजवळच्या दगडाच्या खाणीत आणि नंतर सोड्याच्या कारखान्यात मजूर होते. म्हणजे क्षार म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नसेल. श्रम माणसासाठी आहे, माणूस श्रमासाठी नव्हे, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा. हे वाक्य आम्ही कितीतरी भाषणांत वापरले आहे. परंतु त्याचा अर्थ तळहाताएवढ्या जागेत लावून पाहिला नव्हता. मिस्साबलिदानात अर्पणाच्या वेळी भाकर उचलली जाते ती मानवी श्रमाचे फळ म्हणून. आता त्या क्षणी आमच्या डोळ्यांपुढे मामांचे दोन तळव्यांत दाबलेला पेला धरलेले हात येतात. पूर्वी फक्त भाकर येत असे.

ह्यावर कोणी म्हणेल, हातमोजे वापरावेत, प्रश्न मिटला. आम्हीही काही काळ असेच समजत होतो. परंतु बियाण्याला बुरशी लागू नये म्हणून ज्या थायरमचा वापर आपले शेतकरी करतात, तेच द्रव्य किंवा त्याची भावंडे अनेक रबरी हातमोज्यांचे रबर पक्के करण्यासाठीही वापरतात. ज्याच्या त्वचेने थायरमशी एकदा वैर धरले, त्याला तो हातमोजाच चावतो. शिवाय वेचणी करणाऱ्या बाईला बोटांची टोके उघडी हवीत, आणि मे महिन्यातील जालन्याच्या उन्हात रबराच्या आत घामाने हात शिजतो. उपाय आहेत, पण ते हात पाहून, काम पाहून, त्या माणसाला विचारून शोधावे लागतात.

गेल्या वर्षी आमच्या घराच्या गच्चीला पुन्हा गिलावा करावा लागला. मामांच्या सांगण्यावरून त्यांचा भाचा कामावर आला. बांधकाम कामगार म्हणून मिळालेल्या संचातील हातमोजे त्याच्याजवळ होते. आम्ही आग्रह केला म्हणून त्याने ते चढविले. दुपारी जेवणाच्या वेळी वर जाऊन पाहतो, तो दोन्ही मोजे बांबूवर वाळत घातलेले. “थापीची पकड येत नाही, सर. भिंत कळतच नाही हाताला,” तो म्हणाला. मामांचा तळवा आम्हांला आठवला आणि आम्ही पुढे काही बोललो नाही. स्वच्छ पाण्याची एक बादली भरून, शेजारी साबण आणि तेलाची वाटी ठेवून आलो. थोड्या वेळाने पुन्हा डोकावलो, तेव्हा त्या बादलीत त्याने आधी थापी विसळली आणि मग त्याच पाण्यात हात घातले.

आम्ही खाली उतरलो आणि दुसरी बादली भरायला लावली.